सीटीच करायचा तर ही सोनोग्राफी कशाला? देवगडहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: किडनीतल्या गाठीसाठी शेवटी सीटी करावाच लागतो, मग मध्ये कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीचा (म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून औषध, कॉन्ट्रास्ट, देऊन केलेल्या सोनोग्राफीचा) खर्च कशाला? अधू किडनीला कॉन्ट्रास्ट म्हणजे आगीत तेल. आणि देवगडच्या माणसाला कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळी गाठायला लावणारी ही शहरी चैन आहे.

आधी आगीतलं तेल. सीटीचं कॉन्ट्रास्ट आयोडीनचं, ते किडनीवाटेच बाहेर पडतं. (त्याचीही भीती जरा जास्तच घेतली जाते, पण क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) चारवर गेलेल्या आणि डायलिसिस लांबवू पाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत डॉक्टर बिचकतात ते रास्तच.) या सोनोग्राफीचं औषध निराळं आहे. सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे बुडबुडे, त्यांना फॉस्फोलिपिडचं (एका प्रकारच्या स्निग्ध पदार्थाचं) कवच, आकार सरासरी अडीच मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीपेक्षाही लहान. हाताच्या शिरेतून एक-दोन मिली देतात, मागोमाग सलाईन. काही मिनिटांत बुडबुडे फुटतात आणि वायू श्वासावाटे निघून जातो. किडनीवर त्याचा भारच पडत नाही. तीव्र ॲलर्जी क्वचित येते, तेवढी तयारी हाताशी ठेवावी लागते.

आता सीटीचं. साधी पाण्याची गाठ नेहमीच्या सोनोग्राफीतच ओळखू येते, तिला पुढचं काहीच लागत नाही. अडतं ते मधल्या गाठींपाशी: आत पडदे, पाणी गढूळ, सीटीतही धड हो नाही आणि नाही नाही. तिथे प्रश्न एकच असतो, आत रक्त फिरतंय का? हे बुडबुडे रक्तवाहिनी सोडून बाहेर जात नाहीत, त्यामुळे बारीकशा पडद्यातून सरकणारे मोजके बुडबुडेही स्क्रीनवर चमकतात. एकही आत शिरला नाही, तर गढूळ दिसणारं ते बहुधा जुनं रक्त किंवा दाट पाणी. मॉर्टन बोस्नियाक यांनी 1986 साली सीटीवरून सिस्टची (पाण्याच्या गाठींची) कॅन्सरच्या शक्यतेनुसार जी वर्गवारी मांडली, तिची या तपासणीसाठीची आवृत्ती युरोपातल्या सोनोग्राफी महासंघाने 2020 मध्ये काढली. एक खोड मात्र आहे. सीटीत न दिसणारा पडदाही इथे दिसतो, त्यामुळे गाठीची श्रेणी कधीकधी उगाच वर चढते आणि घरच्यांची झोप उडते.

गाठ भरीव आहे, आत रक्त खेळतंय, इतकं ठरलं की या तपासणीची धाव संपते. कॅन्सर की अँजिओमायोलिपोमा (चरबी असलेली, कॅन्सर नसलेली गाठ), हे ती खात्रीने सांगत नाही. चरबी शोधायला आणि आजार पसरलाय का ते बघायला सीटी किंवा एमआरआयच हवा. माणूस जाड असेल, आतड्यात वायू असेल किंवा गाठीत चुना साठला असेल, तरी चित्र नीट मिळत नाही. ज्याचं ऑपरेशन ठरलंय त्याने यासाठी एसटीचे धक्के खाऊ नयेत. इथे मी तुमच्याच बाजूने आहे.

अंतराचं दुखणं खरंच आहे. यासाठी मशीनमध्ये वेगळी सोय लागते. आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे मशीन आणि जागा दोन्हींची नोंद लागते, त्यामुळे ते उचलून गावात आणणंही सोपं नाही. म्हणून निघण्याआधी फोन करा आणि किडनीसाठी करता की फक्त लिव्हरसाठी, ते विचारा. जुन्या सीटीची सीडीही सोबत न्या. नुसत्या रिपोर्टवरून कुठल्या गाठीवर प्रोब (मशीनचा अंगावर फिरवायचा भाग) ठेवायचा ते कळत नाही.