सिरीयल बघते. हो, रोज बघते.

आज डोकं फिरलंय. पोस्ट मोठी होणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा.

ऑफिसात लंचला आमच्या अकाउंट्समधल्या एक ताई डबा खाता खाता मोबाईलवर कालचा एपिसोड बघत होत्या. इयरफोन लावलेले, कुणाला आवाजाचा त्रास नाही, काही नाही. ही बाई पहाटे उठून घरच्यांचे डबे करते, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं करते, बस पकडून येते, रात्री घरी रिमोट मुलाच्या हातात असतो, म्हणजे तिला दिवसात मिळतात ती ही वीस मिनिटं. तर मागून आमचे एक साहेब आले, वाकून स्क्रीनकडे बघितलं आणि अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे देवा, तुम्ही पण? शिकलेल्या लोकांनी बघायच्या गोष्टी आहेत का ह्या?" टेबल हसलं. ताईंनी फोन उलटा ठेवला आणि म्हणाल्या, नाही हो, असंच, जेवताना काहीतरी लागतं.

तो फोन उलटा ठेवला ना, तेव्हापासून माझं टाळकं सरकलंय.

कारण हेच साहेब रात्री दीड वाजता उठून एका इंग्लिश फुटबॉल क्लबची मॅच बघतात. त्या शहरात ते कधी गेलेले नाहीत. त्या क्लबची जर्सी घालून शुक्रवारी ऑफिसला येतात, हरले की सोमवारी कुणाशी बोलत नाहीत, आणि आम्ही सगळे सांभाळून घेतो, साहेबांची टीम हरली आहे हो, आज लीव्हचं विचारू नका. 2019 मध्ये गेम ऑफ थ्रोन्सचा शेवटचा एपिसोड आपल्याकडे सोमवारी सकाळी दिसणार होता तर ह्यांनी हाफ डे टाकला होता. आता त्या मालिकेत काय आहे? गादी कुणाला मिळणार म्हणून भांडण, सावत्र मुलाला पाण्यात बघणारी आई, लग्नाच्या मांडवात विष घालणं, एवढ्यात मेलेला माणूस परत येणं. आमच्या सिरीयलमध्ये तरी दुसरं काय असतं? तिथे ड्रॅगन आहे, इथे देवघर आहे. मला ती मालिकाही आवडली होती, तिच्याशी माझं काही वैर नाही. पण ती बघणारा हुशार आणि ही बघणारी बावळट, हे कुणी ठरवलं?

मला अशा वेळी माझी सांगलीची मावशी आठवते. माझ्या जवळच्या लोकांनी हा किस्सा आधी ऐकला असेल, परत ऐका.

2023 चा जुलै. बाईपण भारी देवा लागला होता. 30 जूनला रिलीज झाला आणि पहिल्या आठवड्यातच मावशीचा फोन, शनिवारी सुट्टी काढून ये, आमची गल्ली चाललीय. गल्ली म्हणजे खरोखरच गल्ली. भिशीच्या बायका, त्यांच्या सुना, वरच्या मजल्यावरच्या आजी, दळणवाल्या काकू सुद्धा. सगळ्यांनी ठरवून हिरव्या साड्या नेसलेल्या, गजरे, नथी, दोघी-तिघी चक्क नऊवारीत. वडापच्या दोन जीप करून थिएटरला. पर्समध्ये भडंगच्या पुड्या, कारण आतले पॉपकॉर्न परवडत नाहीत. गेटवरच्या पोराने भडंग आत नेऊ देणार नाही म्हणून सांगितलं तर ह्या बायका तिथेच पायऱ्यांवर बसल्या, सगळं भडंग संपवलं, त्या पोरालाही मूठभर दिलं आणि मग आत गेल्या.

सिनेमा सुरू झाला तो त्यांनी शांतपणे बघितला असं मी म्हणणार नाही. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, त्यातलं प्रत्येक भांडण ह्यांच्या घरातलं होतं. "अगं हे तुझ्या नणंदेचं!" असं मोठ्याने. आणि शेवटी पडद्यावर मंगळागौरीचा खेळ रंगला तशा ह्या उठल्या. मधल्या वाटेत फुगडी, झिम्मा, एका कोपऱ्यात पिंगा. माझी मावशी, जी काका गेल्यापासून कुणाच्या हळदीला सुद्धा मागच्या खुर्चीत बसायची, ती मधोमध उभी होती. मागच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "काकू, बसा की खाली, घरी जाऊन नाचा!" आणि मावशीने वळून त्याला जे सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाली, "घरी कुठं नाचू बाळा? घरी सैपाक असतोय."

बास. त्याच्यावर तो पोरगा पण काही बोलला नाही.

तेव्हा महाराष्ट्रभर हेच चाललं होतं, आठवत असेल तुम्हाला. बायकांनी गाड्या करून, घोळक्याने जाऊन तो सिनेमा सत्तर कोटींच्या वर नेला. मराठी सिनेमा! ज्याला थिएटर मिळत नाही म्हणून आपण दर सहा महिन्यांनी रडतो तो मराठी सिनेमा. आणि तेव्हा माझ्या फीडमध्ये काय होतं तर, सिनेमा म्हणून ठीकच आहे, बायकांना काय, नटायला निमित्त हवं. हो, हवं! मग? 4 जुलै 2024 ला वर्ल्ड कप जिंकून टीम आली तेव्हा मरीन ड्राइव्हवर किती लाख लोक होते, बसच्या बरोबरीने माणसं पळत होती, झाडावर चढली होती, दुसऱ्या दिवशी रस्त्यावर चपलांचा खच होता. मी पण टीव्हीसमोर रडले त्या दिवशी. कुणी म्हणालं का की ह्यांना नाचायला निमित्त हवं? उलट सगळे म्हणाले, बघा मुंबईचं क्रिकेटवरचं प्रेम. मग सांगलीच्या बायकांचं सिनेमावरचं प्रेम कुठे कमी पडलं?

हे आजचं नाहीये. 1991 मध्ये माहेरची साडी आला. त्यावर आजपर्यंत विनोद चाललेत, अलका कुबल आणि रडणं, रुमाल, बादल्या, सगळं ऐकून झालंय. मावशीचं तेव्हा नवीन लग्न झालेलं. ती जावेबरोबर गेली, दोघी तीन तास रडल्या, आणि पुढच्याच आठवड्यात परत गेल्या. मी एकदा तिला विचारलं होतं, एवढं काय होतं गं त्यात? तर म्हणाली, "सासरी रडलं की पन्नास जण विचारणार काय झालं, कुणी काय बोललं का, माहेरी फोन करू का. थेटरात कुणी विचारत नाही." म्हणजे ज्याच्यावर आपण तीस-पस्तीस वर्षं दात काढतोय, ते थिएटर त्या बायकांना मोकळं रडायला मिळणारी एकमेव जागा होती. हे ज्यांना समजत नाही ते मला सिनेमाची समज शिकवणार.

आणि दुसरी गोष्ट. ह्या साहेबांना कुणी उसने पैसे मागितले की ते म्हणणार, "सत्तर रुपये वारले." मीटिंगला कुणी दार उघडून डोकावलं की, "धनंजय माने इथेच राहतात का?" आठवड्यातून दोनदा तरी, आणि आम्ही दर वेळी हसतो कारण ते वाक्यच तसं आहे. 1988 चा सिनेमा, अशी ही बनवाबनवी. आज त्याला क्लासिक म्हणतात, वसंत सबनीसांच्या लेखणीचं कौतुक करतात, आणि ते खरंच आहे. पण त्याला क्लासिक केलं कुणी? समीक्षकांनी? तेव्हा त्या सगळ्या विनोदी सिनेमांच्या लाटेला थिल्लर म्हणत होते लोक, लक्ष्याला माकडचेष्टा करतो म्हणत होते. 2004 मध्ये तो गेला तेव्हा अख्खा महाराष्ट्र रडला. अशोकमामांना महाराष्ट्र भूषण आणि पद्मश्री मिळायला त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे जावं लागलं. मधल्या काळात त्यांना कुणी जपलं? भाड्याने व्हीसीआर आणून एकाच रात्री तीन-तीन सिनेमे बघणाऱ्यांनी जपलं. रविवारी दुपारी टीव्हीवर शंभराव्यांदा लागला तरी चॅनेल न बदलणाऱ्यांनी जपलं. म्हणजे आमच्यासारख्या लोकांनी. साहेब जे डायलॉग मारतात ते आमच्या घरांतून त्यांच्यापर्यंत पोचलेत.

बालगंधर्वांचं बघा. बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या, त्यांच्यासारखा गजरा माळायच्या, स्टेजवर काय दागिना होता ते बघून यायच्या. त्याला आपण आज किती आदराने मराठी रंगभूमीचं वैभव म्हणतो. आणि आज माझी वहिनी मालिकेतल्या नायिकेसारखं मंगळसूत्र तुळशीबागेत शोधते तर ती येडी.

बरं, आता काही जण येतील सांगायला, की मालिका ताणतात. ताणतात, मान्य. एका मंगळसूत्रावर पंधरा दिवस काढतात, तेही मान्य. आणि खलनायिकेचं काम करणाऱ्या मुलीला इन्स्टावर जाऊन घाणेरड्या शिव्या देणारे जे आहेत ते चाहते नाहीत, त्यांना ब्लॉक करा, त्यांची बाजू मी घेणार नाही. झालं? पुढे जाऊ?

कारण ताणतात हे तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त कळतं! सिरीयलचा सगळ्यात कडक टीकाकार सिरीयल बघणारी बाई असते. माझ्या मावशीबरोबर एक एपिसोड बघून दाखवा. हिच्या कानातलं मगाशी वेगळं होतं. स्वयंपाकघरातून बाहेर आली तर घाम कसा नाही? ही भाकरी कधी थापलेली दिसत नाही, हात बघ हिचे. नट बदलला की महिनाभर त्या नव्या माणसाला ती त्या पात्राच्या नावाने हाक मारत नाही, "तो नवा" म्हणते, आणि मग एक दिवस त्याने एखादा सीन चांगला केला की जेवताना जाहीर करते, जमतंय हं आता ह्याला. तिच्या सुनेला गुरुवारी टीआरपी आला की कुठली मालिका वर गेली, कुणाची वेळ बदलणार, कुणाचा गाशा गुंडाळणार सगळं पाठ. लेखक बदलला की तिला दोन दिवसांत कळतं, "बोलायची पद्धतच बदलली गं सगळ्यांची" म्हणते. कुणी शिकवलं तिला? कुणी नाही. रोज मन लावून बघून आलंय ते. आणि समोर काम करणारेही काही रिकामटेकडे नसतात, घोडबंदरला, मढला, सातारा-कोल्हापूरकडच्या वाड्यांत दिवसाचे बारा-बारा तास शूट करून रोजचा एपिसोड देतात, आदल्या रात्री सीन लिहून होतोय आणि सकाळी नट तो पाठ करतोय. ती मेहनत तुम्हाला दिसत नसेल, आम्हाला दिसते.

खरं सांगू का, लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. मला वाटतं लोकांना भीती वाटते. एवढं मनापासून काहीतरी आवडणं उघड दाखवलं की समोरच्याच्या हातात आपण काठी देतो, म्हणून सगळे "असंच, टाइमपास" म्हणून मोकळे होतात. ताई तेच म्हणाल्या. पण मावशी कधीच टाइमपास म्हणत नाही. रात्रीस खेळ चाले ही मालिका 2016 ला सुरू झाली आणि मग सावंतवाडीजवळ आकेरीचा तो वाडा बघायला गाड्याच्या गाड्या जायला लागल्या, त्यात आमच्या मावशीच्या भिशीची ट्रॅव्हल्सही होती. कुणकेश्वर करून, मालवणला जेवून, वाकडी वाट करून आकेरीला. अंगणात उभं राहून तिने मला व्हिडिओ कॉल केला. वाडा दाखवला, ओसरी दाखवली, मग म्हणाली, "बघ, हितं माई बसायच्या." तिला पक्कं माहिती होतं की माई वगैरे कुणी नाही, ती काही भोळी नाही. गोष्ट खोटी आहे हे माहीत असूनही तिच्यासाठी वाकडी वाट करून जायची तिची तयारी आहे, एवढंच. ह्यात हसण्यासारखं काय आहे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

आणि त्या वाटेवर तिला माणसं भेटतात हो! काका गेले तेव्हा सगळे येऊन गेले, तेरावं झालं, आणि मग घर रिकामं. मुलगा-सून कामाला. तेव्हा शेजारच्या काकू रोज रात्री मालिकेच्या वेळेला हक्काने येऊन बसायला लागल्या, माझा टीव्ही बिघडलाय म्हणून. टीव्ही वगैरे काही बिघडलेला नव्हता. दोघी न बोलता बघायच्या, मग हळूहळू पात्रांवर बोलायला लागल्या, मग स्वतःवर. त्यातूनच ती भिशी, त्यातूनच ती आकेरीची ट्रॅव्हल्स, त्यातूनच ते थिएटर आणि ती फुगडी. सांत्वनाला आलेल्या कुणालाही जे जमलं नाही ते रात्रीच्या साडेआठच्या एका डेली सोपने केलं. तिला टुकार म्हणायचं असेल तर म्हणा, पण माझ्यासमोर नको.

उद्या लंचला मी ताईंच्या शेजारी बसणार आहे, इयरफोनचं एक टोक माझ्या कानात. साहेब आले तर त्यांना खुर्ची देईन आणि आधीची गोष्ट थोडक्यात सांगेन. मालिका मी तीच बघते, स्टार प्रवाहवरची, कालचा एपिसोड भारी होता आणि ज्यांनी बघितलाय त्यांनी मला आत्ता मेसेज करा कारण त्या शेवटच्या सीनवर मला कुणाशी तरी बोलायचंय. मावशीचा फोन अजून लागत नाहीये, तिचं दुसरं चॅनेल चालू असणार.