रडणं म्हणजे विश्वास कमी पडणं नाही

ख्रिस्ती घरात कोणी गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तो आता प्रभूजवळ आहे, मग रडायचं कशाला?" बोलणारे प्रेमानेच बोलतात, त्यात शंका नाही, आणि तो प्रभूजवळ आहे हे तर मीही मानते, त्याच आधारावर उभी आहे. पण पुढचं ते "रडायचं कशाला" मला पवित्र शास्त्रात कुठे सापडलेलं नाही, आणि माझा धाकटा भाऊ गेल्यापासून हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आज लिहायलाच बसले.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय बघा. येशूचा मित्र, मार्था आणि मरिया या बहिणींचा भाऊ लाजर आजारी आहे हा निरोप येशूला मिळाला होता, तरी तो होता तिथेच अजून दोन दिवस थांबला (हे मला आजही पचत नाही, खरं सांगते). पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था वाटेतच त्याला गाठते आणि म्हणते, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." मग मरिया येते, पायाशी पडते आणि तेच म्हणते. मला तर वाटतं त्या दोघी बहिणी इतके दिवस घरात एकमेकींशी हेच बोलत असणार, तो असता तर, तो असता तर.

वाक्य एकच पण येशूचं उत्तर दोघींना वेगळं. मार्थाशी तो बोलतो, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे एवढं मोठं वचन तिला मिळतं. मरियेला मात्र तो काहीच समजावत नाही. ती रडतेय, बरोबर आलेले लोक रडतायत, तो फक्त विचारतो त्याला कुठे ठेवलंय, आणि पुढे येतं, येशू रडला. थोड्याच वेळात तो लाजराला हाक मारून बाहेर बोलावणार आहे, त्याला ते ठाऊक आहे, आणि तरी रडला. ज्याच्या हातात पुनरुत्थान आहे तो जर कबरेशी रडतो तर आपल्याला कोण आणि कशाला अडवतंय?

ईयोबाचंही तसंच, मुलंबाळं, संपत्ती सगळं गमावलेला तो देवभक्त माणूस. "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम" हे वचन प्रत्येक अंत्यविधीला ऐकू येतं. ते 1 ल्या अध्यायातलं. 3 ऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, ते कोणी वाचत नाही. पुढे पानंच्या पानं तो देवाला जाब विचारतो, भांडतो, आणि शेवटी 42 व्या अध्यायात देव कोणावर रागावतो तर देवाची बाजू घेऊन भाषणं देणाऱ्या त्याच्या मित्रांवर, ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत म्हणून. त्या मित्रांनी एक गोष्ट मात्र चांगली केली होती, आल्यावर सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तेवढंच करून थांबले असते तर!

आणि पौल, पहिल्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित. फिलिप्पैकरांस पत्रात तोच लिहितो की मरणं म्हणजे लाभ, आणि त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात त्याचा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला त्याबद्दल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. म्हणजे मरण लाभ मानणाऱ्या माणसालाही मित्र गेला असता तर दुःखच झालं असतं, आणि ते तो लपवत नाही. थेस्सलनीकाकरांनाही तो शोक करूच नका असं म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. शोक आहेच, आशाही आहे, दोन्ही एकाच मनात राहतात आणि एकीमुळे दुसरं पळून जात नाही.

माझं सांगायचं तर कित्येक दिवस प्रार्थनेला शब्दच येत नव्हते. गुडघे टेकायचे आणि नुसतं बसायचं. तेव्हा पवित्र शास्त्रातलं स्तोत्र 88 हाताला लागलं. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळण येतं, स्तोत्र 13 बघा, "किती काळ" ने सुरू होतं आणि गाण्यावर संपतं. 88 वळतच नाही, अंधारातच संपतं. पण ते सगळं देवालाच सांगितलेलं आहे, सुरुवातच "हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा" अशी. माझ्यासाठी भरवसा म्हणजे हाच, की तक्रार घेऊन सुद्धा त्याच्याकडेच जायचं, कारण दुसरं कोणी ऐकेल असं वाटतच नाही. आणि जिथे तेवढंही जमत नाही तिथे रोमकरांस 8 व्या अध्यायात लिहिलंय की पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. त्या वचनाने मला जेवढं धरून ठेवलं तेवढं कुठल्याच स्पष्टीकरणाने नाही. भाऊ का गेला याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, देव जवळ आहे एवढं मात्र मिळालं.

मंडळीतल्या सगळ्यांना एक विनंती. दुःखातल्या घरी जाल तेव्हा कारणं सांगू नका, "देवाची काहीतरी योजना असेल" हे पहिल्याच आठवड्यात तर नकोच. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, आठवणी काढा, रडणाऱ्यांबरोबर रडा, पौलाने रोमकरांना तेच सांगितलंय. आणि महिनाभराने परत जा, तेव्हा घर खरं रिकामं झालेलं असतं.

ज्यांच्या घरी नुकतंच कोणी गेलंय आणि प्रार्थना होत नाहीये त्यांनी इनबॉक्समध्ये फक्त एक नाव पाठवा, बाकी काही लिहायची गरज नाही, मी रोज त्या नावाने प्रार्थना करेन.