फुकट ऐकणाऱ्याचे कान मोजायचे की नाही?

सांगलीत आमचं कॅसेटचं दुकान होतं. कंपनीच्या कॅसेट विकायला असायच्याच, पण खरी गर्दी व्हायची ती कॅसेट भरून घ्यायला. वहीचं फाडलेलं पान, त्यावर पेन्सिलीने लिहिलेली गाण्यांची यादी आणि सोबत एक कोरी कॅसेट. "साठची आहे, दोन्ही बाजू भरा," एवढं सांगून माणूस बाजाराला जायचा आणि संध्याकाळी गाडी धरायच्या आधी परत यायचा. वडील त्या चिठ्ठ्या गल्ल्यामागच्या तारेला अडकवून ठेवत. शनिवारी रात्री दुकान आवरताना मी त्या मोजायचो, कुठलं गाणं किती याद्यांत आलं ते. विकलेल्या कॅसेटींची वही वेगळी होती. दोन्हीकडे एकच गाणं पहिलं आलं, असं फार क्वचित व्हायचं.

परवा भाचीशी बोलताना हे सगळं आठवलं. ती ब्रिटनमध्ये लेस्टरला शिकते. तिथे दर शुक्रवारी सिंगल्सचा चार्ट, म्हणजे सुट्या गाण्यांची क्रमवारी येते, आणि ती कशी बनते ते भाची मला सांगत होती. फोन ठेवला तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

ब्रिटनचा पहिला चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ चा. न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना फोन करून काय खपलं ते विचारलं आणि छापलं. आणि बघा, त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ३ डिसेंबर १९५२ ला, श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला हा सिनेगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. आकाशवाणीवर सिनेसंगीताला दारं जवळजवळ बंद होती, त्यामुळे निवेदक अमीन सायानी मुंबईत ध्वनिमुद्रण करायचे आणि टेप कोलंबोला जायच्या. पुढे क्रमवारी आली. दुकानांतली विक्री, श्रोत्यांची पत्रं आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या याद्या यांचा मेळ घालून गाणं कुठल्या पायदानावर ते ठरायचं. रेकॉर्ड विकत घ्यायची ऐपत नसलेला माणूसही त्या हिशेबात होता. आमच्या लहानपणी १५ पैशांचं पोस्टकार्ड टाकलं की झालं.

विक्री मोजण्यातही फसवाफसवी होतीच. ब्रिटनमध्ये १९६९ पासून ठरावीक दुकानं रोजच्या विक्रीची डायरी भरून पोस्टाने पाठवत. ही दुकानं कोणती, याचा सुगावा लागला की कंपन्यांची माणसं तिथेच जाऊन स्वतःच्या रेकॉर्ड विकत घ्यायची. १९८३ मध्ये दुकानांत विक्री नोंदवणारी यंत्रं आली. २००५ पासून डाउनलोड धरायला लागले. इथवर गोष्ट सोपी होती: एकदा पैसे दिले, एक विक्री, विषय संपला. विकत घेतलेली रेकॉर्ड घरी जाऊन कुणी शंभर वेळा ऐकली की कपाटात ठेवून दिली, याच्याशी चार्टला काही देणंघेणं नव्हतं.

जुलै २०१४ मध्ये चार्टात स्ट्रीमिंग, म्हणजे गाणं विकत न घेता इंटरनेटवर थेट ऐकणं, आलं आणि मोजायची गोष्टच बदलली. निदान ३० सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम, आणि १०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री. म्हणजे आता खरेदीच्या जागी सवय मोजली जाऊ लागली, आणि सवय लवकर सुटत नाही. २०१६ मध्ये ड्रेक या रॅपरचं एक गाणं सलग १५ आठवडे पहिल्या नंबरवरून हललं नाही. २०१७ च्या सुरुवातीला प्रमाण १५० वर नेलं. तरी त्याच मार्चमध्ये गायक एड शीरनचा नवा अल्बम आला आणि पहिल्या २० पैकी १६ गाणी त्याची एकट्याची! लोक अल्बम सलग ऐकत होते आणि चार्ट प्रत्येक गाणं सुटं मोजत होता. मग जुलैत नियम आले: एका मुख्य कलाकाराची तीनच गाणी, आणि दहा आठवडे होऊन गेलेलं गाणं सलग तीन आठवडे उतरलं, तर त्याला एका विक्रीसाठी दुप्पट स्ट्रीम लागणार.

यावर बरीच टीका झाली, पण मला हा दुसरा, जुन्या गाण्याचा नियम पटतो. गीतमालेतही ठरावीक आठवडे वाजलेलं गाणं 'सरताज गीत' म्हणून मानाने बाहेर काढत, नव्याला जागा व्हावी म्हणून. फक्त असा नियम आंधळेपणाने चालवून भागत नाही. २०२२ मध्ये एका वेब सिरीजमुळे गायिका केट बुश यांचं १९८५ चं गाणं नव्या पोरांनी उचलून धरलं. त्या आठवड्यात ते सगळ्यात जास्त ऐकलं जात होतं, पण जुनं म्हणून त्याचे स्ट्रीम निम्मे धरले गेले आणि ते दुसऱ्या नंबरवर अडकलं. चार्टवाल्यांनी त्याला सूट दिली आणि पुढच्या आठवड्यात, ३७ वर्षांनी, ते पहिलं आलं. योग्य केलं त्यांनी.

मला खुपतो तो ब्रिटनच्याच चार्टचा २०१८ चा नियम. पैसे भरून ऐकणाऱ्याचे १०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री, आणि जाहिराती सोसत फुकट ऐकणाऱ्याचे ६०० म्हणजे एक. सरळ सांगायचं तर फुकट ऐकणारे सहा जण मिळून एक माणूस. फुकट ऐकण्यातून पैसा कमी येतो, हे कारण मला समजतं. दुकान चालवलंय आम्ही. फुकटची खाती उघडून आकडे फुगवता येतात, हेही खरं. पण त्यावर उपाय वेगळे आहेत. एका खात्याचे दिवसाला एका गाण्याचे दहाच स्ट्रीम धरायचे, हा नियम तिथे आहेच. तसे आणखी करा, कडक करा. ऐकणाऱ्याच्या खिशावरून त्याच्या आवडीचं वजन ठरवणं वेगळं. अमेरिकेत चार्ट काढणाऱ्या बिलबोर्ड मासिकानेही २०१८ मध्येच फरक केला, पण त्यांच्या हॉट हंड्रेड या गाण्यांच्या चार्टमध्ये तेव्हा पैसे भरणाऱ्याच्या स्ट्रीमला एक गुण असेल तर फुकटवाल्याला दोन तृतीयांश होता. एक षष्ठांश आणि दोन तृतीयांश यांत केवढं अंतर आहे!

आपल्याकडे हा प्रश्न जास्त जवळचा आहे. इथे बहुतेक लोक फुकटच ऐकतात, यूट्यूबवर, जाहिरातीसकट. २०२१ मध्ये इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संघटनेने साप्ताहिक टॉप २० सुरू केला, पण तो आंतरराष्ट्रीय गाण्यांचा. मराठी गाण्याचं यश आपण यूट्यूबच्या व्ह्यूजवर सांगतो, आणि व्ह्यूजला जाहिरातीच्या पैशाने हवा भरता येते. २०१९ मध्ये यूट्यूबलाच जाहीर करावं लागलं की पहिल्या २४ तासांच्या विक्रमात जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरणार नाही. उद्या मराठी गाण्यांचा नीट चार्ट झाला, आणि व्हावाच, तर मला दोन याद्या हव्यात. एक पैशाची, एक कानांची. दोन्ही एकाच पानावर, शेजारी शेजारी, आणि मोजायचे नियम खाली छापलेले. एकाच आकड्यात दोन्ही कोंबायला गेलं की फुकटवाल्याचा सहावा हिस्सा होतो.

भरून घेतलेली कॅसेट कुठल्याच कंपनीच्या हिशेबात आली नाही. ते बेकायदा होतं, त्याचं समर्थन मी करत नाही. पण एक हमाल काका दर पगाराला यायचे, यादीत पहिलं गाणं कायम तेच. वडिलांनी एकदा विचारलं, "अहो, मागच्या महिन्यातच भरून दिलं की हे!" ते म्हणाले, "घासली ओ ती कॅसेट, आता नुसती खरखर येतीया." आमच्या विक्रीच्या वहीत त्या गाण्यासमोर त्या महिन्यात शून्य होतं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी श्रोता संघ होता का? जुन्या याद्या, कार्डं, गीतमालेची पायदानं उतरवून घेतलेल्या वह्या असतील तर फोटो काढून इथे खाली टाका. फाटक्या असल्या तरी चालतील.