शेत म्हणजे तळं नव्हे, हे मान्य, पण...

नमस्कार. गोव्यातल्या करमळीच्या मळ्यांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की भातशेत माणसाने केलेलं. त्याला पाणपक्ष्यांचा अधिवास म्हणणं म्हणजे तळी बुजवणाऱ्यांच्या हाती कोलीत देणं. शिवाय हेच पक्षी तरवा, म्हणजे भाताची कोवळी रोपं, खातात आणि झळ शेतकऱ्याला बसते.

पहिला मुद्दा पटला. तो लेखात ठळकपणे यायला हवा होता. तलवार बदकं दिवसा तळ्याच्या उघड्या पाण्यावर विसावतात आणि अंधार पडला की शेतात चरायला उतरतात. तळंच गेलं तर ती शेतात तरी कुठून येणार?

पण शेत वगळूनही भागत नाही. जानेवारीत वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, चिखलणी चालू असताना अर्धा तास मेरेवर (बांधावर) बसून बघा. टिलर पुढे गेला की मागच्या गढूळ पाण्यात ठिपकेवाली तुतारी उतरते. शेपूट सारखी वरखाली, चोच चिखलात, किडा ओढला की दोन पावलं पुढे. सैबेरियाकडच्या दलदलीत घरटी करणारा हा पक्षी, पाय जेमतेम बोटभर. खोल तळ्याचा त्याला काय उपयोग? एका कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) बोटभर पाणी, शेजारच्यात वीतभर, तिसऱ्यात नुसता ओला चिखल. पाणलावा, पाणटिवळा, भुवई बदक, ज्याला जेवढं पाणी लागतं तेवढं इथे मिळतं. आणि ते पाणी शेतकरी राखतो.

तरव्याची नासाडी खरी आहे, ती मी नाकारत नाही. मात्र रोपं उपटणाऱ्यांत जांभळी पाणकोंबडीही असते, आणि ती बारमाही इथलीच. पाहुण्यांवर सगळा आळ नको. जपानच्या मियागी प्रांतात काबुकुरी-नुमाभोवतीच्या शेतकऱ्यांनाही रानहंस भात खातील हीच धास्ती होती. तिथे नुकसानभरपाईची सोय झाली, कापणीनंतर हिवाळ्यात शेतांत पाणी राखलं गेलं. त्या पाण्यात बारीक गांडुळं वाढून चिखलाचा मऊ थर तयार होतो, तणाचं बी त्याखाली दबतं. 2005 मध्ये तळं आणि भोवतालची शेतं मिळून 423 हेक्टर क्षेत्र रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं. त्यात निम्म्याहून अधिक भातशेती आहे.

कीटकनाशकांबद्दल तुमच्याशी वाद नाही. किडेच मेले तर तुतारीने चिखलात काय शोधायचं?

माझी खरी काळजी वेगळी आहे. आमच्या बाजूचा एक मळा चार वर्षं पडीक आहे. मेर फुटली, गवत छातीभर वाढलं. हिवाळ्यात तिथे मी एकही तुतारी उतरताना पाहिलेली नाही.