चार प्राध्यापकांच्या पत्राने काय उजेड पाडला? वकीलसाहेबांना उत्तर

नमस्कार वकीलसाहेब,

कमेंट दोनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले कारण पहिल्या रात्री जे लिहिलं ते फारच तडतडलं होतं, डिलीट केलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या १९७२ च्या बलात्काराच्या केसवर, आणि त्यातल्या दोन पोलिसांना सुप्रीम कोर्टाने सोडल्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या १९७९ च्या खुल्या पत्रावर मी मागे लिहिलं होतं. साहेबांचं म्हणणं असं की दिल्लीतल्या चार प्राध्यापकांनी पाश्चात्त्य स्त्रीवाद आणून कोर्टावर चिकटवला, ही विद्वत्ता नव्हे, राजकारण आहे, आणि एवढं करून वीस वर्षांच्या फौजदारी प्रॅक्टिसमध्ये त्यांना कुठलाच फरक दिसला नाही.

आधी किरकोळ. सगळे चौघे काही दिल्लीचे नव्हते. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर दिल्लीचे, वसुधा धागमवार पुण्याच्या. आणि केळकर म्हणजे तेच हो, क्रिमिनल प्रोसिजरवाले, त्यांचं पुस्तक तुमच्या ऑफिसात कुठेतरी असणारच! त्यांना 'चळवळे' म्हणताना जरा दमानं घ्या.

आता 'पाश्चात्त्य'. संमती वेगळी आणि भीतीने गप्प पडून राहणं वेगळं, हा मुद्दा चौघांनी परदेशातून आणला असं तुम्ही म्हणता, पण तो आधी आला नागपुरातून. सेशन्स कोर्टाने १९७४ ला दोन्ही पोलिसांना सोडलं होतं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ ला तो निकाल फिरवला, एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष दिलं, आणि असहाय होऊन शरीर स्वाधीन करणं म्हणजे संमती नाही हे तिथेच सांगितलं. तारीख बघा, ऐन आणीबाणी चालू आहे! सुप्रीम कोर्टाने १५ सप्टेंबर १९७८ ला ते उलटवलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, मग जबरदस्ती कशी. चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मजूर मुलगी, रात्रीची वेळ, ठाण्याचं दार बंद, भाऊ आणि बाकीची माणसं बाहेर ताटकळत उभी, आणि समोर वर्दीतली माणसं, तिने ओरडायचं कुणाला? पोलिसांना? (केस तिच्या नावाने ओळखली जाते, तुम्हालाही माहीत आहे, मी मुद्दाम लिहीत नाही. पीडितेचं नाव छापायला बंदी आली १९८३ ला, तिच्याच केसमुळे आलेल्या कायद्यात, पण तोवर तिचं नाव देशभर झालेलं.)

आणि पत्र राजकारण होतं का? होतंच की, मी कुठे नाही म्हणतेय. पण ते परत एकदा वाचा, त्यात दयेची याचना नाहीये, निकालाची उलटतपासणी आहे. मला सगळ्यात आवडणारी जागा सांगते. त्याच १९७८ साली सुप्रीम कोर्टाने नंदिनी सत्पथी प्रकरणात सांगितलं होतं की चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलावणं हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० च्या विरुद्ध आहे. त्या बाई ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. मग काही महिन्यांनी त्याच कोर्टासमोर देसाईगंजची केस आली तेव्हा या मुलीला रात्री ठाण्यात का थांबवून घेतलं, यावर एक अक्षर नाही. चौघांनी कोर्टाला कोर्टाचाच निकाल दाखवला. याला विद्वत्ता नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

वेळही बघा ना. एप्रिल १९७६ ला याच कोर्टाने चार विरुद्ध एक असं ठरवलं होतं की आणीबाणीत माणसाला जगण्याच्या हक्कासाठीसुद्धा कोर्टात येता येणार नाही. मार्च १९७७ ला आणीबाणी उठली, सरकार बदललं आणि कोर्ट तो डाग धुवायला लागलं, मनेका गांधी खटला जानेवारी १९७८ चा. म्हणजे एका हाताने 'व्यक्तिस्वातंत्र्य' मोठं करायचं चाललेलं आणि दुसऱ्या हाताने हा निकाल. पत्र लागलं ते इथे, कारण कोर्टाला तेव्हा लोकांच्या नजरेची गरज होती. एरवी प्राध्यापकांच्या पत्रांचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे.

पण एका ठिकाणी तुमचं बरोबर आणि माझं चुकलं. मी 'पत्रामुळे कायदा बदलला' असं सरळ लिहून टाकलं होतं. पत्र सप्टेंबर १९७९ चं, मधले महिने ते बायकांनी हातोहात फिरवलं, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्च १९८० ला गावोगावी मोर्चे निघाले, मग विधेयक आलं आणि कायदा व्हायला १९८३ उजाडलं. सुप्रीम कोर्टाने तर निकाल बदललाच नाही.

आणि त्या कायद्याने दिलं काय? शिक्षा. सात वर्षं किमान, कोठडीत असेल तर दहा. सोबत पुरावा कायद्यातलं कलम ११४ अ, म्हणजे शरीरसंबंध सिद्ध झाला आणि पोलिसाच्या ताब्यातली बाई 'संमती नव्हती' म्हणाली तर कोर्टाने ते धरून चालायचं, पण फक्त कोठडीतल्या वगैरे केसेसमध्ये. घरात, शेतात, मालकाच्या गोडाऊनमध्ये जुनंच चालू राहिलं. बाईच्या चारित्र्यावर प्रश्न विचारायची मुभा देणारं त्याच पुरावा कायद्यातलं कलम १५५(४) जायला २००२ ची दुरुस्ती यावी लागली, आणि विरोध केला नाही एवढ्यावरून संमती धरू नये हे साधं वाक्य कायद्यात आलं २०१३ ला. पत्रानंतर चौतीस वर्षं! स्त्रीवादी वकील फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस यांनी १९९२ लाच दशकभराच्या या कायद्यांचा हिशेब मांडून विचारलं होतं की कायदे वाढले, बाईच्या पदरात काय पडलं, वाढली ती सरकारची ताकद. म्हणजे तुमचा शेवटचा प्रश्न स्त्रीवादी अभ्यासकांनीच आधी विचारून ठेवलाय, तोही तुमच्यापेक्षा कडक शब्दांत. म्हणून तर मला हे लोक आवडतात, स्वतःचं जिंकलेलंसुद्धा तपासतात.

तुम्ही लिहिलंय की ११४ अ वर तुम्ही आजवर एकदाही युक्तिवाद केला नाही. यावर खरंच विचारते, टोमणा नाही: अशी केसच तालुक्याला येत नाही, की येते आणि साक्षीदार फितूर झाल्यामुळे त्या कलमापर्यंत पोचतच नाही? मी कॉलेजात एव्हिडन्स शिकले तेव्हा सरांनी हे कलम दोन मिनिटांत उरकलं होतं, त्यामुळे मला पुस्तकाबाहेरचं काही माहीत नाही. नावं-गावं न घेता लिहाल तर ब्लॉगवर स्वतंत्र पोस्ट म्हणून टाकते. मूळ लेखातलं ते 'पत्रामुळे' आजच दुरुस्त केलंय, खाली तुमच्या कमेंटचा उल्लेखही टाकलाय.