कांद्याची निर्यात 'वर्षभर शून्य' नव्हती : खुलासा

'२०२३-२४ मध्ये वर्षभर निर्यातबंदी होती, देशाबाहेर एक किलोही कांदा गेला नाही' असा मेसेज फिरतोय. काल मीही तो दोन ग्रुपवर पाठवला. तो चुकीचा आहे.

परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना वाचल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी भावात कांदा बाहेर पाठवता येत नव्हता. बंदी लागू झाली ८ डिसेंबरला, उठली ४ मे २०२४ ला. म्हणजे त्या आर्थिक वर्षातले पहिले आठ महिने कांदा जात होता. बंदीच्या काळातही बांगलादेश, अमिराती अशा काही देशांना ठरावीक कोटा सरकारने दिला. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार वर्षभराची निर्यात १७.१७ लाख टन. आदल्या वर्षी ती सुमारे २५ लाख टन होती.

निर्यात घटली, आणि फटका खराच बसला. डिसेंबरात बाजारात असतो तो लाल कांदा. तो उन्हाळ (उन्हाळ्यात निघणाऱ्या) कांद्यासारखा कांदाचाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, महिनोन्‌महिने टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. नेमका तेव्हाच बाहेरचा रस्ता बंद झाला, भाव कोसळले. हे नुकसान मांडायलाच हवं, पण 'एक किलोही नाही' म्हटलं की समोरचा तेवढं एक वाक्य खोडतो आणि शेतकऱ्याचं बाकीचं म्हणणंही बाजूला पडतं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. मी दोन्हीकडे टाकलाय.