न्हाणीतली आगबोट

नाशिकला समुद्र कुठाय असं कोणी म्हणालं की मी सांगतो, आमच्या न्हाणीत होता, पहाटे चार ते आठ.

झालं असं की आजी गेल्यावर आईचे वडील मालवणहून आमच्याकडे पंचवटीत राहायला आले. येताना एक ट्रंक, एक पितळी घंटा आणि अख्खी आगबोट घेऊन आले. म्हणजे बोट दिसायची नाही कोणाला, पण आजोबा तिच्यातून कधी उतरलेच नव्हते. जवानीत ते मुंबई-कोकण किनाऱ्यावरच्या पॅसेंजर आगबोटीवर आगवाला होते, आगवाला म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा मारणारा माणूस. आणि आमच्या न्हाणीत होता भांडीबाजारातून घेतलेला तांब्याचा बंब. मधे नळी, नळीत आग, भोवती पाणी. आजोबांनी आल्या दिवशी त्याच्याभोवती एक फेरी मारली, टिचकी वाजवून पाहिली आणि म्हणाले, "बॉयलर बरो आसा." तिथून आमचे हाल सुरू.

आता डिसेंबरातली नाशिकची थंडी. शेजारी निफाडला तर दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात. अशा दिवसात माणसाला फक्त एक बादली गरम पाणी पाहिजे असतं, बाकी आयुष्याकडून काही अपेक्षा नसते. पण आजोबांची पाळी चार ते आठची, बोटीवर चार तास काम आणि आठ तास आराम असा हिशोब, आणि त्यांच्या हाताखाली कोळसेवाला म्हणून नेमणूक झाली माझी. वय वर्षं तेरा. पगार नाही. चार वाजता उशाशी घंटा, "उठ रे झिला, आग लावूची आसा."

बरं आग लावायची म्हणजे रॉकेल ओतून भडका नाही हं. तो महापाप. लोखंड आणि तांबं हळूहळू तापलं पाहिजे, नाहीतर कुठे जास्त ताणतं कुठे कमी आणि सांधे सुटतात, बोटीच्या थंड बॉयलरला तर वाफ धरायला कित्येक तास द्यायचे म्हणे. मी म्हणायचो, आजोबा ती बोट होती हो, ह्याच्यात तीन बादल्या पाणी मावतं. "म्हणान काय झाला? शिस्त तीच."

जळण होतं पिंपळगावच्या काकांच्या बागेतल्या द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या. ऑक्टोबरची छाटणी झाली की पोती भरून यायच्या. धडाधड पेटतात आणि दोन मिनिटात संपतात. त्या बघून आजोबांचा चेहरा असा व्हायचा की जणू एखाद्या वस्ताद आचाऱ्याला मॅगी करायला सांगितलीय. मग करवंट्या, ढलप्या, असं करत करत थर लावायचा, मधे हवा खेळती ठेवायची, खाली राख साचली की सळईने मोकळी करायची. आणि एकदा मी फिजिक्स शिकून आल्यावर शहाणपणा केला की नाशिक समुद्रापासून सहाशे मीटरच्या आसपास वर आहे, इथे पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं. आजोबा बराच वेळ विचारात पडले, मग म्हणाले, "तरीच हंयच्या चायेक चव नाय."

खरी भानगड पुढेच. आजोबांचं म्हणणं, विलायतेला जाणाऱ्या बोटीवरचा आगवाला सुखी, एकदा आग धरली की दिवसच्या दिवस एकसारखा कोळसा मारायचा. किनाऱ्यावरच्या बोटीला मात्र हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. निघाली नाही तोच थांबली. वरून कप्तान दांडा फिरवणार, खाली टण्ण, स्टॉप. इंजिन वाफ घ्यायचं थांबतं पण आगीला काय माहीत बंदर आलंय, वाफ चढतच राहते, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागतो आणि वरून शिव्या की कोळसा फुकट घालवताय. म्हणून आग दाबायची. दाबतोय तोवर टण्ण, फुल अहेड, आता वाफ कमी पडली म्हणून शिव्या. तर आमच्या घरात पाच माणसं म्हणजे पाच बंदरं. पप्पा पहिलं बंदर, सातपूरच्या कंपनीची बस गाठायची म्हणून. ते न्हाणीत शिरले की घंटेचे दोन ठोके, बाहेर आले की एक, मग आग दाब, मग ताई आत गेली की फुलव, आणि ताई म्हणजे रत्नागिरी बंदर, एकदा लागलं की लवकर सुटायचं नाव नाही. आणि नियम एकच, जेवढं गरम काढलं तेवढं गार आत ओतायचं. पाण्याची पातळी नळीच्या खाली गेली नाही पाहिजे. बोटीवर त्याला काचेची नळी असते पातळी बघायला, गेज ग्लास. आजोबांना पहिल्या पावसाळ्यात गोदावरीचा पूर दाखवायला नेलं तर लोक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघत पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं करत होते, आजोबा खूश, "नाशकाक पण गेज ग्लास आसा तर."

राखेचाही नियम होता. बोटीची राख बादलीने वर ओढून समुद्रात टाकायची, पण बोट बंदरात असताना नाही. आमचं बंदर म्हणजे दारासमोरची गटार. सबब मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये राखेची बादली घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत. मित्र बघायचे. जाऊ दे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मी एकदा विचारलं की समुद्रातून विजयदुर्गचा किल्ला कसा दिसतो हो? तर म्हणाले, "माका काय ठाऊक?" इतकी वर्षं त्या किनाऱ्यावर वरखाली केली पण पाळीत असताना खाली, पाळी सुटली की झोप. बंदरं त्यांना कानाने माहीत. डोक्यावर पायांची धावपळ, ट्रंका ओढल्याचे आवाज आणि बाजूला पडावाचा, म्हणजे छोट्या होडीचा, धक्का, की हर्णै, कारण तिथे बोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून यायची. मालवण आलं की मात्र न सांगता कळायचं. कसं, ते काही सांगितलं नाही.

रंगपंचमीला शनि चौकातली रहाड, म्हणजे रंगाचा हौद, बघायला आमच्या वाड्याच्या लाकडी गॅलरीत पाहुण्यांची ही गर्दी. आजोबांनी जोरात घंटा बडवली. "सगळे एका बाजूक जाव नकात! अर्धे मागे येवा!" पाहुणे हसले, मीही हसलो. आईने मला आत नेऊन हळूच सांगितलं. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, लाट आली तशी माणसं घाबरून एका बाजूला धावली होती म्हणतात. त्यानंतर गॅलरीत मी आपणहून मागे उभा राहायचो.

तर एका जानेवारीत पप्पांना उशीर झाला. त्यांनी गरम पाणी काढलं अडीच बादल्या आणि गार ओतलं शून्य. गेजवर लक्ष ठेवायची ड्युटी माझी आणि मी भिंतीला टेकून झोपलेलो. आजोबा देवाला फुलं आणायला अंगणात होते. तिकडून नुसत्या आवाजावरून ओरडले, "आग काढ! आग काढ!" मी दचकून उठलो तर बंब कसातरीच करकरतोय आणि पप्पा टॉवेलवर, हातात गार पाण्याची भरलेली बादली, ओतायच्या बेतात. आजोबा फुलं टाकून आले आणि त्यांनी पप्पांचं मनगट धरलं. जावयाचं. ज्याला इतक्या वर्षांत अहोजाहोशिवाय बोलले नाहीत त्याला म्हणाले, "हात काढ, मेल्या!"

कोरड्या तापलेल्या बॉयलरवर गार पाणी म्हणजे एका लिटरची सोळाशे-सतराशे लिटर वाफ, एका क्षणात. बंब वरून उघडा असतो, तो काही फुटला नसता, हे मी नंतर सांगून बघितलं. पण डागाचे सांधे सुटलेच, उरलंसुरलं पाणी आगीवर, न्हाणीभर राख आणि धूर, आणि पप्पा कंपनीत गेले ते तसेच, बिनआंघोळीचे, कपाळावर काळा पट्टा. संध्याकाळी येताना गीझर घेऊन आले. दोघंही त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. आजोबा फक्त पुन्हा "जावईबापू"वर आले.

गीझर बसला त्या पहाटे मी मस्त सहापर्यंत झोपणार होतो. पण चारला सवयीने जाग आलीच. जाऊन बघतो तर आजोबा न्हाणीच्या दारात स्टुलावर, वर त्या पांढऱ्या डब्याकडे बघत. लाल दिवा पेटलेला. थोड्या वेळाने टक् झालं, दिवा विझला.

"ह्येची राख खंय टाकतत?"

मी म्हटलं, आजोबा ह्याला राख नसते, लाईटवर चालतो. "आणि लाईट?" लाईट एकलहऱ्याहून येते, थर्मल आहे तिथे, कोळसा जाळतात, मोठ्ठे बॉयलर, वाफेवर चाक फिरतं. राखेचे तर डोंगर आहेत.

आजोबा स्टुलावरून उठले. घंटा खुंटीला अडकवली.

"मगे थंयच्या आगवाल्याक सांगान ठेव," म्हणाले, "माजी आंघोळ साडेपाचाक आसता."